एका अंगाची धार

आधी माफी मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही. वडूजपासून आत आमचं गाव आहे. तिथं घरी एखादा लिहिलेला कागद आला, तर आई तो देवाच्या फळीवर ठेवते आणि मी सुट्टीत गेलो की वाचून घेते. मी आता कराडच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला आहे आणि एका मिटत्या चाकूवर लिहायला बसलो आहे. चाकूतलं मला कळतं असं दोन वर्षं मी सगळ्यांना सांगत फिरलो. मग चार माणसांसमोर ते किती कळतं ते उघडं पडलं. तेव्हा या विषयावर बोलायचा अधिकार मला नाही. तरी लिहितो. चुकलं तर सांभाळून घ्या.

लिहायचं कारण, भाद्रपद परत आला आहे. परवा हायवेच्या कडेला बसची वाट बघत उभा होतो. एक टेम्पो चहाच्या गाड्यापाशी थांबला. मागे सात-आठ माणसं, अंथरुणांच्या वळकट्या, पाण्याचा कॅन आणि ओल्या गोणपाटात गुंडाळलेल्या द्राक्षाच्या काड्या. तासगावकडे कलमं बांधायला निघालेली टोळी. ओल्या गोणपाटाचा तो वास नाकात गेला आणि मी जिथं होतो तिथंच राहिलो. एकानं खाली उतरून पेरू घेतला, कमरेचा चाकू काढला, अंगठ्याच्या नखानं पातं उचललं. टक्. माझा हात आपोआप उजव्या खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता.

तो रिकामा का आहे, हेच सांगायचं आहे. मला फसवलं गेलं आहे. फसवणारा परका असता तर मी चार शिव्या देऊन गप्प बसलो असतो, कागद घेतला नसता.

हणमंतमामा माझ्या आईचा धाकटा भाऊ. तासगाव तालुक्यात राहतो. द्राक्षाची कलमं बांधणाऱ्या टोळीचा तो म्होरक्या. शेतकरी आधी जंगली वेलाची रोपं लावतात, कारण त्यांची मुळं दमदार असतात. भाद्रपदात त्या रोपाचा खुंट हातभर उंचीवर छाटायचा, मधोमध चीर द्यायची, चांगल्या जातीची दोन डोळ्यांची काडी पाचरीसारखी तासून चिरेत बसवायची, सालीला साल भिडवायची आणि वरून प्लॅस्टिकची पट्टी आवळायची. एवढंच काम. कापणारा पुढे, बांधणारा त्याच्या मागे, दोघंही दिवसभर उकिडवे. अकरावी आणि बारावीच्या भाद्रपदांत मी मामाच्या मागे पट्ट्या बांधल्या. बांधणाऱ्याला चाकू लागत नाही. म्हणून मी दिवसभर मामाच्या चाकूकडे बघायचो.

मिटल्यावर तो मुठीत मावेल एवढा. म्हशीच्या शिंगाची काळी मूठ, तिच्यात दुधाची धार सांडावी तशी एक पांढरी शीर. दोन पितळी रिबिटा, वापरून वापरून सोन्यासारख्या झालेल्या. पातं जुन्या कानशीचं, मिरजेच्या नूरचाचा शिकलगारांनी घडवलेलं. नीट बघितलं तर पात्याच्या वरच्या कडेला कानशीचे दाते अजून पुसट दिसायचे. मामा रोज सकाळी बिजागरीत खोबरेल तेलाचा एक थेंब सोडायचा आणि चाकू तीनदा उघडून मिटायचा. दातांत बाभळीची काडी, कानाजवळ चाकू. आवाज ऐकून त्याला कळायचं, आत माती गेली आहे की नाही.

टोळीत चाकूचे नियम होते, कुणी लिहिलेले नव्हते. दुसऱ्याचा चाकू त्यानं दिल्याशिवाय उघडायचा नाही. चाकू हातातून हातात द्यायचा नाही, वाकडं येतं. मिटून जमिनीवर ठेवायचा, मग दुसऱ्यानं उचलायचा. एकट्या मामाला पहिल्या नियमातून सूट होती. जेवायला बसलं की तो एकेकाचा चाकू उचलायचा, पात्यावर नख ठेवायचा आणि काही न बोलता परत ठेवायचा. बोलला, तर समजायचं धार गेली.

टोळीत दिनकर म्हणून एक जण होता, अजून आहे. त्याचं तोंड चाकूपेक्षा चालायचं.

"काय रं बारावी," तो ओळीच्या पलीकडून ओरडायचा, "गणित घालू का? एका वळीत शंभर खुंट. मामानं पन्नास कापलं. तर तुजं गुडघं किती दुखलं?"

सगळे हसायचे. मीही हसायचो, पण गुडघे खरंच दुखायचे.

"दुखू देत," मामा मान वर न करता म्हणायचा. "दुखल्याबिगार पुस्तकाकडं पळायचं न्हाई ते."

मामाची पाठ तेव्हाच वाकलेली होती. संध्याकाळी उठताना तो आधी दोन्ही हात मांड्यांवर ठेवायचा, मग एक गुडघा सोडवायचा, मग दुसरा. पूर्ण उभं राहायला त्याला किती वेळ लागतो ते मी बघायचो. मला त्यात काही वाईट दिसत नव्हतं. मला ते मानाचं वाटायचं, पैलवानाच्या मोडक्या कानासारखं.

कॉलेजात गेलो त्या वर्षीच्या खंडेनवमीला मामानं मला बोलावून घेतलं. मामींनी अंगण सारवलं होतं. पाटावर छाटणीच्या कात्र्या, विळे, फवारणीच्या पंपाची तोटी, आणि त्यांच्या शेजारी मामींच्या हट्टावरून माझं इंजिनिअरिंग ड्रॉइंगचं पुस्तक. सगळ्यांना हळद-कुंकू, झेंडूचं एकेक फूल. टोळीची माणसं जेवायला आली होती. पूजा झाल्यावर मामानं केळीच्या पानाचा तुकडा माझ्यासमोर जमिनीवर ठेवला आणि त्यावर तो चाकू ठेवला. मिटलेला.

"उचल," तो म्हणाला. "आजपास्नं तुजा."

मी दोन्ही हातांनी तो उचलला. बोलला दिनकर. "आन् तुमी काय नखानं कापणार व्हय?"

"मिरजंला जाऊन नवा केलाय म्या. जुन्याला बी धार लावून आणलीया." मग माझ्याकडे बघून म्हणाला, "जपून वापर. फळं काप, पेन्सिली तास. लय झालं."

शेवटचं वाक्य मी ऐकलं आणि सोडून दिलं. मी जे ऐकलं ते असं होतं, की माझी या कामात जागा ठरली. मामानं चार लोकांसमोर ठरवली.

त्या जागेवर मी दोन वर्षं जगलो. हे कुणाला सांगितलं तर हसतील. पण पहिल्या वर्षी वर्गात मला इंग्रजीतून प्रश्न विचारला गेला, तेव्हा मी बाकाखाली खिशातली शिंगाची मूठ धरून बसलो होतो. एका विषयात नापास झालो, तेव्हा संगमावर जाऊन पायरीवर बसलो, चाकू उघडला, मिटला, उघडला, मिटला. समोर दोन्ही नद्यांचं पाणी समोरासमोर येऊन एकमेकांत मिसळत होतं. मला वाटायचं, पदवी मिळाली तर मिळाली, नाही तर भाद्रपद आहेच. जगात एका तरी ठिकाणी मला कुणी अर्ज कर म्हणणार नाही.

होस्टेलवर त्या चाकूची कीर्ती झाली. कुणाच्या घरून पेरू आले, हाक मारा सोमाला. पार्सलची दोरी, वाढदिवसाचा केक, ड्रॉइंगच्या पेन्सिली, सगळं त्याच चाकूनं. मी आधी शिंग कुठलं, कानस कशी तापवतात, पाणी कसं देतात हे सांगायचो आणि मगच कापायचो. पेरू खाणारे म्हणायचे, "बास रं बाबा, काप आता." मी त्यांनाही चाकू जमिनीवर ठेवूनच द्यायचो. परीक्षेच्या दिवसांत गेटवरचे वॉचमन काका तो काढून घ्यायचे. ते कोरेगावकडचे, मिलिटरीतून निवृत्त झालेले. पेपर सुटला की मिशीतून हसत म्हणायचे, "घ्या इंजिनिअर तुमचं हत्यार. दुश्मन पळाला का पेपरातला?"

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी कॉलेजच्या बाहेर एक धारवाला आला. सायकल स्टँडवर लावून पॅडल मारायचा आणि दगड फिरवायचा. मी कौतुकानं चाकू त्याच्यापुढे ठेवला. ठिणग्या उडाल्या. "कागद कापंल बगा," तो म्हणाला. खरंच कापला. मी खूश झालो. ही एवढी गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे वर्षभर मी ती माझा गुन्हा म्हणून लक्षात ठेवली.

मागच्या वर्षी वरच्या वर्गातली ओळखीची तिघं पदवी घेऊन नोकरीविना गावी परतली. त्यातला एक माझ्या खोलीवर पेटी न्यायला आला होता. त्याच्या तोंडाकडे बघून मी मनाशी ठरवलं. मी गणपतीच्या सुट्टीत थेट मामाकडे गेलो आणि म्हणालो, "मामा, यंदा मला कापायला घ्या. पट्ट्या नाही. कापायला."

मामा चहा पीत होता. त्यानं बशी खाली ठेवली. "परीक्षा कवा हाय?"

"आहे अजून दोन महिन्यांनी. मला हे शिकायचंय. पुढं काही झालं नाही तर हे तरी हातात राहील."

"काय हुणार न्हाई आसं कोण म्हणलं?"

"कोणी नाही. पण मला टोळीत घ्या."

त्यानं पायाशी आलेली कोंबडी हाकलली. मग म्हणाला, "चाळीस खुंट देतो. तूच काप, तूच बांद. निम्मी फुटली तर पुढच्या भाद्रपदापास्नं टोळीत. न्हाई फुटली तर ह्यो विषय परत काडायचा न्हाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझी ओळ सुरू केली. पाऊस नुकताच उघडला होता, माती पायाला चिकटत होती, छाटलेल्या खुंटातून पाण्याचे थेंब येत होते. माझ्या खिशातला चाकू पहिल्यांदा त्याच्या खऱ्या कामाला लागला होता, असं मला वाटलं. काडी तासताना पातं लोण्यासारखं चाललं. मी एकेक कलम जन्माला आलेल्या पोरासारखं बांधलं. चाळीस पट्ट्या. उठताना मी मुद्दाम मामासारखे दोन्ही हात मांड्यांवर ठेवले.

मग मी कराडला आलो. तीन आठवडे रोज फोन. फुटली का? मामी म्हणायच्या, "बाजूच्या वळी फुटल्यात रं. तुजी दमानं घेत असतील." रविवार आला तसा मी एसटी पकडून गेलो.

दोन्ही बाजूंच्या ओळींत पट्टीच्या वर गुलाबी-हिरवे कोंब आले होते, लहान मुलाच्या मुठीसारखे. मधली माझी ओळ उभीच्या उभी तपकिरी. एक काडी हलवली तर सुटून हातात आली.

टोळी शेजारच्या बागेत होती. सगळे आले. दिनकरनं ती काडी उचलली, तासलेली बाजू उन्हात धरली. "बगू तुजा चाकू," तो म्हणाला. मी जमिनीवर ठेवला. त्यानं उघडला, पात्यावर आडवं नख फिरवलं, उलटा करून परत फिरवलं आणि फिदीफिदी हसत सुटला.

"आरं ह्यो कलमाचा हाय व्हय? ही तर कांदं चिरायची सुरी हाय! दोन्ही अंगानं घासलीया!"

मग त्यानंच मला सांगितलं, जे तीन भाद्रपद त्या चाकूकडे बघून मला दिसलं नव्हतं. कलमाच्या चाकूला धार एकाच अंगानं असते. दुसरं अंग पाटीसारखं सपाट. म्हणून काडी सपाट तासली जाते आणि खुंटाच्या चिरेत घट्ट बसते. दोन्ही अंगांनी घासलेला चाकू तासताना पोटात फुगीर काप देतो. वरून दिसत नाही. पण सालीला साल भिडत नाही, मध्ये फट राहते, तिच्यात हवा शिरते आणि काडी वाळते.

"कुटं लावलीस रं धार?"

मला धारवाला आठवला. मी सांगून टाकलं. कॉलेजच्या बाहेर, सायकलवाल्याकडे.

"झालं! शिकल्याली मानसं! मामा, आवं तुमच्या चाकूचं लगीन सायकलीबरं लावलं की ह्येनं!"

सगळे हसले. मी मामाकडे बघितलं. एक शब्द हवा होता मला. पोरगं आहे, चुकलं, असं काहीही. किंवा एक शिवी. मामा दुसऱ्या ओळीत उकिडवा बसून सुटलेली एक पट्टी आवळत होता. त्यानं वर बघितलं नाही. टोळीतल्या प्रत्येकाच्या पात्यावर नख ठेवणाऱ्या माणसानं माझा चाकू त्या दिवशीही उचलून बघितला नाही. ती पट्टी आवळून झाली, तेव्हा तो म्हणाला, "त्येला काय ठावं. त्येच्या हातचं न्हवंच ते."

मी जाऊन त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. तुमच्या आयुष्यभराचा चाकू मी घालवला, माफ करा, असं काहीतरी मी म्हणालो. रडलोही. मामानं पाय मागे घेतले. "ऱ्हाऊ दे. यष्टी चुकंल. जा, अब्यास कर."

वर्षभर मी तो चाकू पेटीत कपड्यांच्या खाली ठेवला. होस्टेलवर पेरू आले की सांगायचो, हरवला. फोनवर मामा विचारायचा, "परीक्षा कवा हाय?" मी सांगायचो. तिसऱ्या वर्षात मी खूप अभ्यास केला, हे खरं आहे. दुसरं काही उरलंच नव्हतं. चांगले मार्क पडले, त्याचा आनंद झाला नाही. मामानं त्या दिवशी मला एकटं सोडलं, हे मनात कुसळासारखं राहिलं, आणि लगेच वाटायचं, गुन्हा तर माझा, मग राग कशाचा? हाताला तेलाचा वास राहावा तशी ती लाज राहिली. घरच्यांनी शिकायला पाठवलं की पाठीमागचं दार कोण, कधी लावून घेतं, हे आपल्याला दिसत नाही. आपण पुढे बघून चाललेले असतो. मला वाटलं होतं ते दार माझ्याच हातानं लागलं.

म्हणून यंदा गणपतीच्या आधी धीर केला आणि मिरजेला गेलो. मामाला न सांगता. धार पुन्हा एका अंगाची करून घ्यायची, खंडेनवमीला चाकू पानावर ठेवून मामाला परत द्यायचा, एवढंच मनात होतं. नूरचाचांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं. दुकानात त्यांचा मुलगा अस्लम होता. त्याला मी माझं नाव, मामाचं नाव आणि सायकलवाल्याचं सगळं सांगितलं. त्यानं चाकू कापडात गुंडाळून ठेवला, माझा नंबर घेतला आणि म्हणाला, "हे अब्बांच्या हातचं काम आहे, मी हात लावणार नाही. दहा दिवसांनी ते बसतील." दुकानातून निघालो तेव्हा खिसा हलका लागत होता, आणि का कोण जाणे, मनही.

आता तो दहावा दिवस उलटून तीन दिवस झाले आहेत. या तीन दिवसांत मी मामाला फोन केलेला नाही. त्याचे दोन येऊन गेले. तो काय विचारणार ते मला माहीत आहे. कधी वाटतं, तासगावला जाऊन त्याच्यासमोर उभं राहावं आणि म्हणावं, मी तुमच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, तेव्हा तरी सांगायचं. कधी मांड्यांवर हात ठेवून उठणारा तो डोळ्यांसमोर येतो आणि मी तिथंच थांबतो. पण राग गेलेला नाही. खोटं कशाला लिहू.

मिरजेहून फोन आला तो दहाव्या दिवशी दुपारी, मी वर्कशॉपच्या बाहेर होतो. आधी अस्लम बोलला, मग नूरचाचांनी फोन घेतला. म्हातारा, सावकाश आवाज.

"सोमनाथ ना तू? हणमंतरावांचा भाचा? बाळा, सायकलवाल्याला उगीच दोष देऊ नकोस. त्यानं नुसता टोकाला दगड लावलाय. ही धार माझी आहे, माझी मला कळते. एका अंगाची परत करून देतो, पण पातं निम्मं जाईल, म्हणून आधी विचारतोय."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. त्यांना वाटलं मला ऐकू आलं नाही, म्हणून ते जरा मोठ्यानं बोलू लागले.

"तीन वर्षं होत आली बघ. दसऱ्याच्या आधी तुझे मामा आले होते. नवा चाकू घेतला आणि हा जुना पुढं ठेवला. म्हणाले, ह्येला दुसऱ्या अंगानं बी घासा. मी म्हटलं, हणमंतराव, असा घासला तर कलमाच्या कामातून जाईल. मी परत म्हटलं, अहो, तुम्ही स्वतः कलमं बांधणारे, तुम्हाला मी काय सांगू? चहा मागवला होता, तो तसाच ठेवून उठले. म्हणाले, भाच्याला द्यायचाय चाचा, त्येवढ्यासाठीच आणलाय."